थर्मोग्राफीचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला, म्हणजे नेमकं काय कळलं?

महिला मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: थर्मोग्राफीच्या कॅमेऱ्याने स्तनाचा कॅन्सर गाठ होण्याच्या दहा वर्षं आधी कळतो, या तपासणीला अमेरिकेच्या एफडीएची (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेची) मान्यता आहे, मॅमोग्राफीच्या (म्हणजे स्तनाच्या एक्स-रेच्या) किरणांनी कॅन्सर होतो आणि दाबामुळे तो पसरतो, म्हणून मॅमोग्राफी टाळा, हेच करून घ्या. शेवटची ओळ: ‘हात लावणं नाही, दुखणं नाही.’

त्या ओळीमुळेच हा मजकूर इतका पसरला, असं मला वाटतं. संकोचापायी छातीतली गाठ महिनोन्‌महिने लपवणारी बाई जवळजवळ प्रत्येकीच्या नात्यात सापडते. तिला हे वाचून हायसं वाटणारच. आणि म्हणूनच मला याची धास्ती वाटते.

आधी ‘दहा वर्षं आधी’चं बघू. हा कॅमेरा स्तनाच्या आत बघतच नाही, त्वचेतून बाहेर पडणारी उष्णता मोजतो. मूळ कल्पना बिनबुडाची नव्हती. १९५६ साली मॉन्ट्रियलच्या डॉ. रे लॉसन यांनी नोंदवलं, की कॅन्सर असलेल्या स्तनावरची त्वचा जास्त गरम लागते. गाठीकडे रक्त जास्त ओढलं जातं, म्हणून. पण खोलवरच्या बारीक गाठीची ऊब चरबीच्या थरातून वर येईपर्यंत विरून जाते. काही कॅन्सर फारसे गरम नसतातच. उलट अंगावर पाजणाऱ्या आईची छाती, दुधाच्या गाठीची सूज, पाळीच्या आसपासचे दिवस यांतही त्वचा तापते. म्हणजे ज्यांना कॅन्सर नाही त्यांच्या जिवाला घोर, आणि ज्यांना आहे त्यांच्या हाती ‘नॉर्मल’चा कागद. हा दुसरा प्रकार जीव घेतो.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. १९७३ पासून अमेरिकेत २९ केंद्रांवर सुमारे २ लाख ८० हजार बायकांची तपासणी झाली. सुरुवातीला हाताने तपासणी, मॅमोग्राफी आणि थर्मोग्राफी, तिन्ही होत्या. थर्मोग्राफीला निम्मेसुद्धा कॅन्सर सापडेनात, तेव्हा ती कार्यक्रमातून काढून टाकली.

यावर कुणी म्हणेल, ते पन्नास वर्षांपूर्वीचे कॅमेरे. आता एआय आलंय. आक्षेप रास्त आहे. आपल्याकडेही यावर संशोधन चालू आहे आणि ते जरूर चालावं. पण कॅमेरा कितीही सूक्ष्म झाला तरी मोजतो त्वचेचंच तापमान. शिवाय धडधाकट बायकांची सरसकट तपासणी करायची, तर त्यामुळे मृत्यू कमी होतात हे वर्षानुवर्षं पाठपुरावा करून दाखवावं लागतं. मॅमोग्राफीने ते स्वीडनमध्ये १९७७ पासून चाललेल्या मोठ्या चाचणीत दाखवलं: स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. थर्मोग्राफीकडे असा पुरावा नाही.

एफडीएच्या मान्यतेबद्दल अर्धंच सांगितलं जातं. १९८२ मध्ये परवानगी मिळाली ती मॅमोग्राफीच्या जोडीला वापरण्यापुरती, तिच्याऐवजी नव्हे. २०१९ मध्ये तर एफडीएने जाहीर इशारा दिला, की थर्मोग्राफी एकटी वापरा किंवा दुसऱ्या तपासणीसोबत, स्तनाचा कॅन्सर लवकर ओळखण्यासाठी ती परिणामकारक असल्याचा ग्राह्य शास्त्रीय पुरावा नाही. फॉरवर्डमध्ये एफडीएचं नाव आहे, हा इशारा नाही.

किरणांची भीती? एका मॅमोग्राफीत साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट (हे किरणोत्सर्ग मोजायचं माप) किरणोत्सर्ग मिळतो. जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्याला वर्षाकाठी २ ते ३ मिलिसिव्हर्ट मिळतोच. म्हणजे दोनएक महिन्यांचा हिशेब. धोका अगदी शून्य नाही, पण योग्य वयात होणाऱ्या फायद्यापुढे तो फार लहान आहे. दाबाने कॅन्सर पसरतो याला पुरावा नाही. काही सेकंदांचा तो दाब चित्र स्पष्ट यावं आणि किरण कमी लागावेत म्हणून असतो. दुखतं मात्र खरं, ते नाकारू नये.

तरुण बायकांना मॅमोग्राफीचा उपयोग नाही, असंही म्हणतात. हा मुद्दा अर्धा खरा आहे. तरुण बायकांच्या दाट स्तनांत मॅमोग्राफीला काही गाठी दिसत नाहीत. त्यावर उपाय सोनोग्राफी, आणि घरात आई, मावशी, बहीण अशा अनेकींना हा आजार असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने एमआरआय.

राहिला मॅमोग्राफीच्या खर्चाचा आणि अंतराचा प्रश्न. तो मला सगळ्यांत खरा वाटतो, कारण मॅमोग्राफीचं मशीन तालुक्याच्या गावी सहसा नसतंच. पण त्याचं उत्तर मुंबईतच शोधलं गेलंय. १९९८ मध्ये टाटा मेमोरियलने वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांवर चाचणी सुरू केली. निम्म्या भागांत प्रशिक्षित आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी फक्त हाताने छाती तपासत. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले: कॅन्सर आधीच्या, कमी पसरलेल्या टप्प्यात सापडू लागले, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत त्याने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यू घटल्याचं दिसलं नाही, हेही सांगायला हवं. यंत्र नव्हतं, वीज नव्हती. शिकवलेला हात होता. ३० ते ६५ वयाच्या बायकांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, असं सरकारचं २०१६ चं धोरणही सांगतं. आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन ती मागा.

तुमच्या मंडळात थर्मोग्राफीचं शिबिर ठरलंच असेल, तर आयोजकांना एवढं विचारा: ‘रिपोर्ट नॉर्मल आला तर मॅमोग्राफीची गरज नाही, असं सहीनिशी लिहून द्याल का?’ आणि हाताला गाठ लागत असेल, बोंडातून रक्त येत असेल, कातडी आत ओढली गेली असेल, तर कुठल्याच शिबिराची वाट बघू नका. नॉर्मलचा कागद पर्समध्ये असला तरी याच आठवड्यात सर्जनकडे जा.