सप्तमीचे सूर्य, अष्टमीचे भीष्म

माघ शुद्ध सप्तमीला रथसप्तमी आणि लगेच दुसऱ्या दिवशी भीष्माष्टमी. हा क्रम एकशे आठ सूर्यनमस्कार घालणाऱ्यांकडे बघूनच लागला असावा, याबद्दल मला तरी शंका नाही. सप्तमीच्या पहाटे सोसायटीच्या गच्चीवर जे तळपत असतात, तेच अष्टमीला शरपंजरी पडलेले दिसतात. भीष्मांना निदान उत्तरायणाची वाट पाहायची होती. इथे उत्तरायण केव्हाच लागलेलं असतं, तरी उठता येत नाही.

हिशोबच बघा ना. एकशे आठ नमस्कार म्हणजे 216 वेळा कमरेतून पूर्ण वाकणं, 216 वेळा एकेक पाय मागे-पुढे टाकणं आणि 108 वेळा हातांवर तोललेलं अख्खं शरीर सावकाश जमिनीवर उतरवणं. हे सगळं तो गृहस्थ करतो, जो एरवी खाली पडलेली किल्ली पायाच्या बोटांनी उचलायला बघतो.

दुखणं लबाड असतं, लगेच येत नाही. सप्तमीला फोटो काढून, ग्रुपवर टाकून, वर दोन प्लेट मिसळ खाण्याइतका वेळ देतं. मग रात्री जरा जाणवतं आणि 24 ते 72 तासांच्या दरम्यान ऐन भरात येतं. शर्ट डोक्यावरून काढता येत नाही. दांडीवर कपडे वाळत घालायचे तर हात खांद्याच्या वर जात नाहीत. जिना चढता येतो, उतरता येत नाही. भारतीय पद्धतीच्या संडासाबद्दल मी काही लिहीत नाही.

‘लॅक्टिक अ‍ॅसिड साठलं असणार,’ असं सांगणारा एक जाणकार प्रत्येक मजल्यावर असतो. त्या बिचाऱ्या आम्लाचा यात काही दोष नाही. व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात त्याचा निचरा होतो. खरं कारण वेगळं. भार पेलत असतानाच स्नायू लांबतो, तेव्हा त्याच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. साष्टांगात उतरताना दंडाच्या मागच्या बाजूचं आणि छातीचं हेच होतं, जिना उतरताना मांडीचं. आणि गंमत म्हणजे, त्याच स्नायूंना आधी थोडासा जरी सराव झाला असेल, तर पुढच्या वेळी दुखणं बरंच कमी होतं आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणजे संक्रांतीपासून रोज तीन-चार नमस्कार घातले असते, तरी अष्टमीला शिंक हसतमुखाने देता आली असती.

रोज बारा घालणारा नवव्या दिवशी एकशे आठला पोचतो आणि वर्षात पासष्ट दिवस दांडी मारूनही 3600 नमस्कार घालतो. सप्तमीच्या वीराची मॅट तोवर होळीच्या सुमारास बटाट्याचे वेफर्स वाळवायच्या कामी लागलेली असते.

सुरुवात तीनने करावी. लाज वाटेल, वाटू द्यावी. दर तीन दिवसांनी एक वाढवला की महिन्याच्या आत बारा होतात. एका नमस्काराला अर्धा मिनिट धरलं तर सगळा कारभार सहा मिनिटांचा. पोट रिकामं हवं, म्हणून आंघोळीच्या आधीची वेळ सोयीची. (रक्तदाब, हर्निया किंवा मणक्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, शेजारच्या जाणकाराला नको.) मोजायला बोटं लागत नाहीत, सूर्याची बारा नावं आहेतच. वेग बरोबर आहे का, हेही त्यातच कळतं. मित्राय, रवये वगैरे कोणीही म्हणतो. सातवं ‘हिरण्यगर्भाय’ मध्ये दम न घेता, एका दमात म्हणता आलं तर ठीक, ‘हिरण्य...’वर धाप लागली तर तुम्ही गच्चीवरच्या वेगाने चालला आहात.

खरा घात तिसऱ्या आठवड्यात होतो. स्नायू लवकर तयार होतात, त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी असल्याने जास्त वेळ लागतो. माणसाला एकदम जोर आल्यासारखं वाटतं, तो आठाचे चाळीस करतो आणि मनगट किंवा खांदा धरून बसतो. मनगट दुखायचं दुसरं कारण म्हणजे सगळा भार तळव्याच्या मनगटाकडच्या भागावर देणं. बोटं पसरून बोटांच्या मुळांवरही भार द्यावा. साष्टांगात दोन पावलं, दोन गुडघे, दोन तळवे, छाती आणि कपाळ टेकतं, पोट नाही. आमच्यापैकी बहुतेकांचं पोट सर्वांत आधी पोचतं, ही गोष्ट वेगळी.

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे फार ऐकू येतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी 2010 साली छापलेल्या अभ्यासात सरासरी 66 दिवस निघाले. कुणाला 18 लागतील, कुणाला 254 असा त्यांचा अंदाज. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा बुडालेले बारा धरून दुसऱ्या दिवशी चोवीस घालू नयेत. तो वसुलीचा मामला तिसऱ्या दिवशी बंद पडतो. अगदीच कंटाळा आला तर दोन घालावेत. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार रुजवले ते रोजचा पाठ म्हणून. सणापुरते ठेवले असते तर पोरं फक्त तिळगुळाला आली असती.

लग्नघर मात्र अवघड. हॉलमध्ये गाद्यांच्या रांगा, त्यांतून साडेसहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद जागा सापडली की तीन उरकून घ्यावेत. पर्वतासनात बूड वर आणि डोकं खाली असताना एखादं पोर पोटाखालून गाडी नेतं आणि कुठलीतरी मावशी हमखास विचारते, “काय रे, काही हरवलं का?” उत्तर देऊ नये, श्वास मोडतो. शिवाय तोवर ती स्वतःच गादीखाली हात घालून शोधायला लागलेली असते.