सुतक म्हणालात, म्हणून हे उत्तर

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. रात्रीच उत्तर लिहिलं असतं तर त्यात नको ते शब्द आले असते.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'ब्लॅक पँथर'चा नायक टी'चाला साकारणारा चॅडविक बोसमन गेल्यावर मार्व्हल स्टुडिओने त्या भूमिकेत दुसरा नट उभा केला नाही हे योग्य केलं, आणि पुढचा रस्ता टी'चालाची बहीण शुरी, कॅप्टन अमेरिकाची ढाल घेणारा सॅम विल्सन अशा वारसांचाच आहे, असं मी म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: "नाटकात नट गेला की रिप्लेसमेंट येते, प्रयोग होतो. मार्व्हल सुतक पाळत बसलं आणि तुमच्यासारखे रडवे भक्त टाळ्या वाजवतायत." मग बाँड, मग गल्ल्याचे आकडे, मग माझी एक चूक.

चूक आधी मान्य करतो. डॉन चीडल हा नट आयर्न मॅनच्या मित्राच्या, म्हणजे र्‍होडीच्या भूमिकेत पहिल्यांदा 2010च्या 'आयर्न मॅन 2'मध्ये आला, मी 'अ‍ॅव्हेंजर्स' लिहिलं होतं. तुमचं बरोबर आहे.

पण "रडवे भक्त" कशासाठी? 'द मार्व्हल्स' आला तेव्हा याच जागी मी त्याची साल काढली होती, तेव्हा तुम्ही कुठे होतात माहीत नाही. मुद्दा मांडायच्या आधी समोरच्याला खाली पाडायचं, ही कुठली रीत? माझ्या वडिलांच्या वयाची माणसं इथे येऊन माझ्याशी कडाडून भांडतात, पण असं बोलत नाहीत.

आणि सुतक. हा शब्द तुम्ही हिणवायला वापरलात. तो 'वाकांडा फॉरएव्हर', म्हणजे दुसरा 'ब्लॅक पँथर', तुम्ही नीट पाहिलात का? सुरुवातीला शुरी प्रयोगशाळेत भावाला वाचवायची धडपड करतेय, आणि आई येऊन सांगते की तो गेला. मग सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत. मग मार्व्हलचं बोधचिन्ह, त्यात फक्त बोसमनच्या प्रतिमा, नेहमीचं संगीतसुद्धा नाही. वर्ष उलटल्यावर आई मुलीला नदीकाठी नेते, अंत्यविधीचे कपडे जाळायला, शोक संपवायला. मुलगी तयार होत नाही. ते कपडे ती जाळते ते अगदी शेवटी, हैतीच्या किनाऱ्यावर, एकटी बसून. अहो, अख्खा सिनेमाच सुतक कसं फेडायचं याबद्दल आहे! तुम्ही ज्याला वेळकाढूपणा म्हणताय, तोच त्याचा विषय आहे. बोसमन 28 ऑगस्ट 2020ला गेला, वय 43. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं निदान 2016मध्येच झालं होतं आणि उपचार चालू असताना तो चित्रपट करत राहिला. दिग्दर्शक रायन कूगलरलासुद्धा त्या आजाराची कल्पना नव्हती. त्या माणसाच्या जागी दोन वर्षांत दुसरा चेहरा आणून त्याच संवादांवर त्याला उभा करायचा?

राहता राहिली नाटकातली रिप्लेसमेंट. ती तुम्ही मला शिकवू नका. व्यावसायिक नाटकात अकरा वर्षं मी कपडेपट सांभाळलाय. दौऱ्याच्या मधेच आमचे मुख्य नट गेले. पाचव्या दिवशी नवीन नट उभा. कोटाच्या बाह्या मी रात्री बसून इंचभर सोडल्या. आतला खिसा तपासला तर कागदात बांधलेल्या दोन लवंगा निघाल्या. घशासाठी ते कायम ठेवायचे. नवीन नटाला दाखवल्या. त्याने पुडी पुन्हा होती तशी बांधून त्याच खिशात ठेवली आणि तसाच रंगमंचावर गेला.

निर्मात्याने ताकीद दिली होती, अनाउन्समेंट करायची नाही, तिकिटं परत मागतील. पहिले तीन प्रयोग असेच झाले. प्रेक्षक मध्यंतरात विंगेपाशी येऊन विचारायचे, "ते कुठे आहेत?" आणि आम्ही माना खाली घालायचो. नवा नट चांगला होता, तरी पहिला अंक थंड जायचा. चौथ्या प्रयोगाला आमच्या ज्येष्ठ नटीने हट्ट धरला. तिसऱ्या घंटेआधी ती पडद्यापुढे गेली आणि दोन वाक्यांत सांगितलं. सगळं नाट्यगृह उठून उभं राहिलं. त्या रात्री नव्या नटाला पहिल्या प्रवेशाला टाळी पडली. पुढे ते नाटक चाललं. म्हणजे रिप्लेसमेंट होते, पण आधी गेलेल्याचं नाव घ्यावं लागतं. मार्व्हलने नेमकं तेच केलं, आणि वारसा बहिणीकडे दिला.

विल्यम हर्ट गेल्यावर जनरल रॉसच्या भूमिकेत हॅरिसन फोर्ड आला, हे तुम्ही लिहिलंत. ते पात्र दुय्यम होतं, ती तुलनाच नाही. बाँडचे सहा नट मला पाठ आहेत. पण त्यातला एकही भूमिका चालू असताना गेला नव्हता. आणि आकडे म्हणाल तर पहिला 'ब्लॅक पँथर' सुमारे 134 कोटी डॉलर, दुसरा 86 कोटी. ठाऊक आहे. नवा टी'चाला आणला असता तर गल्ला वाढला असता, हे त्यातून निघत नाही. यावर आणखी बोलायची माझी इच्छा नाही.

तुम्ही हात लावला नाहीत तो मुद्दा मला जास्त सलतो. 'एंडगेम'मध्ये रॉबर्ट डाउनी ज्युनिअरचा टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, गेला तेव्हा त्याच्या छातीतला तो जुना रिॲक्टर, "टोनी स्टार्कला हृदय आहे याचा पुरावा" असं कोरलेला, फुलांच्या चक्रावर ठेवून पाण्यात सोडला होता. मी त्या अंधारात रडलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. जुलै 2024मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन मेळाव्यात मंचावर मुखवटा काढला आणि आतून तोच डाउनी ज्युनिअर निघाला, आता खलनायक डॉक्टर डूम म्हणून. सगळे ओरडत होते. मला मात्र ते चक्र आठवलं. खरं उतावीळपण यात आहे, बोसमनची जागा रिकामी ठेवण्यात नाही. सॅम विल्सनला ढाल देऊन त्याला पुरेसा वेळ न देता पुन्हा जुन्या दारात जाऊन उभं राहणं, यावर तुम्ही भांडला असतात तर मी आनंदाने भांडलो असतो.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. चीडलची ओळ लेखात दुरुस्त केली आहे, तेवढी एकदा पाहून घ्या.