गडबड ओतताना, साचा करताना नव्हे

कारखान्याच्या पाटीवर लिहिलेल्या, पाळीला किती साचे करायचे त्या नव्या आकड्यावरून पेटलं. बेळगावात टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट पडलेलं, हातात चहा, आणि उद्यमबागेतल्या फौंड्रीतून, लोखंड ओतायच्या कारखान्यातून, सुटलेले आम्ही चौघे.

"पाळीला तेवढे साचे निघालेच पाहिजेत," बाळू म्हणाला. सुपरवायझर झाल्यापासून त्याच्या खिशात दोन पेनं आणि तोंडात एकच शब्द, टार्गेट. "आज माल दिला नाही तर पार्टी उद्या कोल्हापूरला जाते."

"जाऊ दे की," सुरेश म्हणाला. "साच्याच्या वाळूत पाणी किती असतंय रे? शंभर किलोला तीन-चार किलो. जरा जास्त झालं, वर तारेनं भोकं मारायची राहिली, तर तेराशे-चौदाशे डिग्रीचा रस आत गेल्यावर वाफेनं जायचं कुठं? तुझ्या टार्गेटच्या कागदात?"

मी लेथवर असतो, त्यामुळं ती वाफ कुठं जाते ते मला चांगलं ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात एक मोठी पुली लावली. बाहेरून गुळगुळीत. मापात येत चालली होती, आणि शेवटच्या कटला टूलखाली ज्वारीच्या दाण्याएवढं भोक उघडं पडलं, आतून चकचकीत. सगळी सकाळ भंगारात. साच्यावर कुणीतरी दहा मिनिटं वाचवली, ती माझ्या चार तासांतून वळती झाली. रिजेक्शनच्या वहीत नाव मात्र माझं.

बाळू हटेना. "मग ओतताना तूच का बोंबलतोस, चला चला म्हणून?"

"ओतताना गडबड पाहिजेच! लाडलमधला, ओतायच्या भांड्यातला, रस निवला, धार मध्येच तुटली, तर दोन्हीकडून आलेलं लोखंड एकजीव होत नाही. तेवढी गडबड करता यावी म्हणूनच साचा निवांत करायचा असतोय गा. तू सगळं उलटं करायलास."

माझ्यापुरता वाद तिथंच मिटला.

पण संत्याला राहवेना. "बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका एका दिवसात कुणी छापून आणल्या होत्या रे?" 12.35 चा मुहूर्त 2.35 झालेला. निम्मं वडगाव पंगती उठल्यावर आलं होतं.

"ते प्रेसवाल्याचं चुकलं!"

"आणि प्रूफ कुणी बघितलं?"

बाळू चहात बघत बसला. मग एकदम उसळला, "निवांत, निवांत! सीमाप्रश्नाची केस 2004 पासून सुप्रीम कोर्टात निवांतच चाललीय. गोड लागतंय काय ते?"

कुणी बोललं नाही. सुरेशचे वडील दर 17 जानेवारीला, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या दिवशी, हुतात्मा चौकात फुलं घेऊन जातात, गुडघे धरलेत तरी.

संत्याच मग म्हणाला, "तिथं बाळूलाच बसवूया. एका पाळीत निकाल."

"देतोय की," सुरेश म्हणाला. "आणि गडबडीत बेळगाव गोव्याला लिहून मोकळा होतोय!"

बाळूच्या नाकातून चहा आला. गेट केव्हा उघडलं कळलंच नाही.