रात्री किती माणसं असतात, एवढंच सांगा!

आत्यासाठी वृद्धाश्रम शोधतेय, हा तिसरा महिना. फोन केला की सगळीकडे पहिला प्रश्न एकच: "आजी चालत्या-फिरत्या आहेत ना? स्वतःचं स्वतः करतात ना?" अहो, करत असती तर घरीच नसती का राहिली! ८१ वर्षांची आहे, स्मृतिभ्रंश आहे, रात्री दोनला उठून दाराची कडी काढायला जाते. म्हणून तर विचारतेय!

दर विचारला की "येऊन भेटा". गेलं की बाग दाखवतात, देवघर दाखवतात, भजनाचा हॉल दाखवतात. रात्री किती जणांमागे एक मावशी असते, ते कुणी सांगत नाही. बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का, पडली तर कुठे नेणार, यावर "ताई, काळजी करू नका". डायपरचे वेगळे, औषधांचे वेगळे, डिपॉझिटचं मोघम.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्यागणिक किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे, पण ती निराधारांसाठी. आत्याला पेन्शन आहे, आम्ही भाचरं आहोत. मग आम्ही कुठे जायचं?

शनिवारी आणखी एक ठिकाण बघायचंय. या वेळी रात्री नऊला, न कळवता जाणार आहे.