चार-पाच देशांचा एकच राजा व्हायचंय? मग हे वाचाच

पहिली गोष्ट म्हणजे राज्यं लढून मिळवायच्या फंदात पडू नका, खर्च फार येतो. आजी-आजोबा नीट निवडा. आजच्या बेल्जियममधल्या घेंटमध्ये 1500 साली जन्मलेल्या कार्लोसला असेच स्पेनमधली कास्तिल, आरागॉन ही राज्यं आणि नेदरलँड्स सगळं वारसाहक्कात मिळालं आणि 1517 मधे पठ्ठ्या स्पेनला उतरला तेव्हा त्याला तिथली भाषासुद्धा येत नव्हती. कास्तिलच्या सभेने 1518 मधे त्याला विनंती केली, महाराज, आमची भाषा तेवढी शिका. असल्या गोष्टी फार मनावर घ्यायच्या नाहीत. उलट तोलेदोचं आर्चबिशपपद आपल्या फ्लेमिश सल्लागाराच्या वीसेक वर्षांच्या पुतण्याला देऊन टाकायचं. 1520 मधे शहरं बंड करतात, करू देत.

पोराने मात्र तुमच्यासारखं करू नये. कार्लोसचा मुलगा, स्पेनचा दुसरा फिलिप, त्याने 1581 मधे पोर्तुगालमधल्या तोमारला पोर्तुगीजांना शब्द दिला की तुमचे कायदे, तुमच्या नोकऱ्या, तुमचं साम्राज्य तुमच्याकडेच, मी फक्त राजा, आणि तिथे तो पहिला फिलिप झाला. नंबर बदलला, माणूस तोच. आपल्या गोव्याचा राजाही 60 वर्षं माद्रिदचा होता, कारभार मात्र पोर्तुगीजांच्याच हातात.

पण हे असं चालू ठेवलं तर फार बोअर होतं हो, कोणी भांडतच नाही. म्हणून एक हुशार मंत्री ठेवा. ओलिवारेसने 1624 मधे चौथ्या फिलिपला गुप्त मेमो लिहिला की नुसतं पोर्तुगाल, आरागॉन, वालेन्सियाचा राजा आणि बार्सिलोनाचा (म्हणजे कातालोनियाचा) काउंट असण्यात समाधान मानू नका, सगळीकडे कास्तिलचेच कायदे लावा. त्यात एक उपाय असा की आधी गुपचूप दंगल घडवायची आणि मग शांततेच्या नावाने सैन्य घेऊन जायचं. तितकंसं न्याय्य नाही पण सगळ्यात परिणामकारक, असं स्वतःच लिहिलंय, प्रामाणिक माणूस. मग 1 लाख 40 हजारांच्या सामायिक फौजेची स्कीम काढा, त्यात कातालोनियाच्या वाट्याला 16 हजार टाका, नाही म्हणाले की फ्रान्सशी लढणारं सैन्य त्यांच्याच शेतकऱ्यांच्या घरात मुक्कामाला ठेवा.

1640 च्या जूनमधे बार्सिलोनात व्हाइसरॉयला मारतील. घाबरू नका, कातालान लोकांना चेपायला पोर्तुगीज सरदारांना बोलवा. म्हणजे पोर्तुगीजही बंड करतील आणि डिसेंबरात लिस्बनमधे तुमचा सेक्रेटरी कपाटात लपलेला सापडेल आणि खिडकीतून खाली जाईल. एक टीप, व्हाइसरॉयही कातालान होता आणि सेक्रेटरी पोर्तुगीज. नेमणुका नेहमी लोकलच करा, लोक चिडले की राग काढायला परका शोधत बसावं लागत नाही.

आता तुम्ही राजा नसून अभिमानाने इतिहास लिहिणारे असाल तर ह्या कातालान बंडाला प्राचीन राष्ट्राचा हुंकार म्हणा, आणि जानेवारी 1641 मधे त्याच कातालान लोकांनी फ्रान्सच्या तेराव्या लुईला आपला काउंट करून घेतलं हे बारीक अक्षरात तळटीपेत ढकला, कारण मग कोणीतरी विचारणार की भांडण परक्या राजाशी होतं की जुन्या सनदांसाठी, म्हणजे आपल्या स्थानिक कायदे-हक्कांसाठी. फ्रेंच साहेबांचाही लवकरच कंटाळा आला, 1652 मधे बार्सिलोना परत फिलिपकडे, आणि बहुतेक सनदाही शाबूत!

कातालोनियाचा उत्तरेकडचा भाग रुसिलोन तेवढा 1659 च्या तहात फ्रान्सकडे राहिला. तिथे 1700 मधे चौदाव्या लुईने फर्मान काढून सरकारी कागदांतून कातालान भाषा बाद केली. ओलिवारेसला हे बघायला मिळालं नाही, 1645 मधेच गेला बिचारा.