‘नुसती यादी हातात दिली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या टूर कंपनीबरोबर मे महिन्यात केलेल्या सिंगापूर-पिनांग-फुकेत क्रूझबद्दल तुम्ही लिहिलेला दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. दुपारी घेतलेल्या बॅगा रात्रीच्या जेवणापर्यंत मिळाल्या नाहीत आणि मुलांचं पोहणं बुडालं, इस्त्री आणि किटली काढून घेतली, घरचे लाडू नेऊ दिले नाहीत, तुमच्या मिस्टरांना डायनिंग रूमच्या दारातून परत पाठवलं आणि आमचं ऐकून साडी न नेल्यामुळे गाला नाइटला, म्हणजे जहाजावरच्या नटूनथटून जेवायच्या रात्री, तुम्हाला साध्या कुर्त्यात बसावं लागलं, अशा तुमच्या तक्रारी आहेत. वर आमच्या सामानाच्या यादीबद्दल ‘शाळेच्या सहलीसारखी नुसती यादी हातात दिली’ असाही शेरा आहे. पहिल्यांदाच क्रूझला निघालेली मंडळी हे वाचणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बॅगांचं. सिंगापूरच्या धक्क्यावर, मरीना बे क्रूझ सेंटरला, मोठी बॅग एकदा दिली की ती तुमच्या हातात राहत नाही. हजारो प्रवाशांच्या बॅगा एक्स-रेमधून जातात, डेक आणि केबिनप्रमाणे लागतात आणि मग एकेक करून दाराशी येतात. त्याला संध्याकाळ होते, कधी जेवण उरकून आल्यावर बॅग दिसते. हे सगळ्याच मोठ्या जहाजांवर चालतं, त्यात आमचा किंवा जहाजवाल्यांचा ढिसाळपणा नाही. म्हणून तर आमच्या यादीच्या पहिल्या पानावर, ठळक अक्षरात, ‘पहिल्या दिवसाची पिशवी’ असा वेगळा चौकोन आहे: पासपोर्ट, रोजची औषधं, चार्जर, पोहण्याचे कपडे, रोजच्या कपड्यांचा एक जोड. मुलांचे स्विमसूट मोठ्या सुटकेसमध्ये राहिले, एवढंच झालं. एक दुपार गेली याचं वाईट वाटतंच. पण त्याच सुटकेसमध्ये बीपीच्या किंवा साखरेच्या गोळ्या असत्या तर? कपड्यांपेक्षा आम्ही या पिशवीच्या मागे का लागतो, ते त्यासाठी. आणि औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवीच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या यांवर सिंगापूरमध्ये नियंत्रण आहे.

आता इस्त्री. भर समुद्रात अग्निशमन दलाचा बंब येत नाही, आग लागली तर जहाजावरच्या माणसांनीच विझवायची. २००६ साली जमैकाकडे निघालेल्या ‘स्टार प्रिन्सेस’ जहाजावर आग लागली, बाल्कन्यांवरून पसरत गेली आणि धुराने एक प्रवासी दगावला. न विझवता टाकलेली सिगारेट हे बहुधा कारण असावं, असं चौकशीत निघालं. एवढ्याशा ठिणगीचा तो परिणाम. त्यामुळे इस्त्री, किटली, मेणबत्ती, उदबत्ती, कापूर यांतलं काहीच चालत नाही. आमच्याबरोबर येणाऱ्या आजीमंडळींना निरांजन घरी ठेवायला सांगणं हे आमच्या धंद्यातलं सर्वात अवघड काम आहे, आणि दर वेळी ते करावंच लागतं.

सुरकुत्यांवर उपाय आहे. कपडे घडी न घालता गुंडाळून न्या आणि आंघोळीच्या वेळी बाथरूममध्ये हँगरला लावून ठेवा, वाफेने बरेचसे सुटतात. तरी इस्त्रीच हवी तर जहाजावर दर कपड्यामागे पैसे देऊन करून मिळते. तो दर मलाही जास्तच वाटतो, पण तो ठरवणं आमच्या हातात नाही. बहुतेक केबिनच्या भिंती लोखंडी पत्र्याच्या असतात. दोन-चार चुंबकाचे हुक नेले तर टोप्या, ओळखपत्रं, ओले टॉवेल सगळं टांगता येतं. यादीतली ही माझी सर्वात आवडती ओळ, आणि तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

चार्जरच्या पिनांचंही सांगून ठेवतो, कारण रिव्ह्यूत ‘चार्जर बसेना’ असंही आहे. मोबाइलचा आपला दोन गोल पिनांचा चार्जर बहुतेक जहाजांवर थेट बसतो, लॅपटॉपचा तीन गोल पिनांचा बसत नाही. सिंगापूरच्या हॉटेलात तीन चपट्या पिना लागतात. एक ॲडॉप्टर न्या. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारी सोय) असलेला एक्स्टेन्शन बोर्ड मात्र इस्त्रीच्याच वाटेने जातो, म्हणजे काढून घेतात.

लाडवांबाबत तुमची हळहळ समजू शकतो. घरी केलेले पदार्थ जहाजावर घेत नाहीत, दुकानाची सीलबंद पाकिटं सहसा चालतात. खाकरे, चिवडा, मेतकूट तसंच न्यावं.

साडीबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. यादीत ‘साडी नको’ असं नाही, ‘जरीची भारी साडी नको’ असं आहे, आणि पुढच्याच ओळीत ‘एका रात्रीसाठी प्रत्येकी एक ठेवणीतला पोशाख’. क्रेप किंवा जॉर्जेटची साडी तळहाताएवढ्या घडीत मावते आणि गाला नाइटला झकास दिसते. पैठणी त्या चिमुकल्या कपाटात कोंबून न्यायला मी तरी कोणाला सांगणार नाही. मिस्टरांच्या बाबतीत म्हणाल तर रात्रीच्या मुख्य डायनिंग रूममध्ये बर्म्युडा आणि सपाता चालत नाहीत, एक फुल पँट आणि बंद बूट लागतात. वरच्या बुफेला मात्र हरकत नसते. शाल किंवा स्वेटर नेलात हे बरं केलंत, थिएटरमधला एसी भल्याभल्यांना कुडकुडवतो. फुकेतच्या वाट चलोंग मंदिरासाठी खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे सांगितले होते, ते तुम्ही नेले होते आणि तिथे अडचण आली नाही. हे रिव्ह्यूत असतं तर बरं वाटलं असतं.

‘जहाज हललंच नाही, बोट लागू नये म्हणूनच्या गोळ्या उगाच न्यायला लावल्या’ ही तक्रार वाचून हसू आलं. हा मार्ग मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो. एकीकडे मलेशिया, दुसरीकडे सुमात्रा, त्यामुळे पाणी बहुधा शांत असतं. पुढे फुकेतच्या बाजूला मे महिन्यात पावसाळी लाटा असतात. त्या लाटा तुमच्या वाट्याला आल्या नाहीत, छानच झालं.

वाचणाऱ्या इतरांसाठी एक: शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट धक्क्यावर मिळतात. सकाळचे कपडे बाजूला काढूनच बॅग लावा. आमच्या एका गृहस्थांनी पँटही त्यात भरली आणि लेंग्यावर सिंगापूरला उतरले.

ताई, तुम्ही पैसे परत मागितले आहेत. वरच्या कारणांसाठी ते देता येणार नाहीत. तुमची इस्त्री आणि किटली मात्र जप्त झालेली नाही. अशा वस्तू ठेवून घेतात आणि उतरताना पावती दाखवून परत देतात, विमानाच्या घाईत ते राहून गेलं असणार. पावतीचा फोटो आमच्या ऑफिसच्या नंबरवर पाठवा, जहाज कंपनीकडे चौकशी आम्ही करतो. सापडल्या तर सिंगापूरला जाणाऱ्या आमच्या पुढच्या ग्रुपबरोबर मागवून घेऊ.