‘फी घेऊन पोरांना वाळूत बसवतात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

ख्रिस्ती बालवर्गांमधल्या खेळातून शिकण्याबद्दल आम्ही लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलंच खडसावलंत. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. नातू साडेचार वर्षांचा आहे, सोलापुरातल्याच एका ख्रिस्ती बालवर्गात जातो आणि अजून त्याला ‘क’ काढता येत नाही. शेजारचा त्याच्याच वयाचा मुलगा शंभरपर्यंत आकडे लिहितो. शाळा फी घेते आणि पोरांना वाळूत नाही तर कणकेशी खेळत बसवते. वर प्रार्थना आणि बायबलच्या गोष्टी. हे सगळं परदेशी फॅड आहे, पहिलीच्या प्रवेशाला मुलगा मागे पडला तर जबाबदार कोण, आणि आमचा लेख म्हणजे नुसते गोडवे.

शंभरपासूनच सुरुवात करू. शेजारच्या मुलाची वही जरा बारकाईने बघा, किंवा तो लिहीत असताना शेजारी बसा. बरीच मुलं विशीचे आकडे लिहिताना आधी सगळे २ एकाखाली एक मांडतात आणि मग वर येऊन त्यांच्या पुढे १, २, ३ लिहीत खाली जातात. पान सुबक भरतं, बाई बरोबरची खूण करतात, पण तेवीस म्हणजे वीस आणि तीन हे त्यात कुठेच घडलेलं नसतं. आता दोघांनाही खेळता खेळता, परीक्षा न करता, एक गोष्ट सांगा. ताटलीत वीसेक चिंचोके ठेवा आणि म्हणा, ‘मला यातले ७ दे.’ एखादं मूल मूठभर उचलून देईल. एखादं मोजेल, पण बोट एका चिंचोक्यावर आणि आकडा पुढच्यावर, असं होईल. एखादं सातपर्यंत बरोबर मोजेल आणि ‘मग किती झाले?’ विचारलं की पुन्हा एकपासून सुरू करेल. या तिसऱ्या मुलाला अजून उमजलेलं नाही की मोजताना शेवटी आलेला आकडा हीच सगळ्यांची संख्या. साधारण साडेतीन ते साडेचार या वयात हे कळतं, आणि वस्तू हाताळून, वाटून, कमी पडल्या म्हणून भांडून कळतं. दहाजणांना डब्याच्या वेळी चमचे वाटायचे आणि शेवटच्याला उरला नाही की काय चुकलं ते शोधायचं, हा या वयाचा गणिताचा तास. ७ बरोबर देणारं मूल वहीत काही लिहीत नसेल तरी काळजी करू नका.

आता ‘क’. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेची, म्हणजे मऊ, असतात आणि हळूहळू हाड होत जातात. चार वर्षांच्या मुलाच्या हाताचा एक्स-रे काढला तर त्यातली तीन-चारच दिसतात. बाकीची सहा-सात वर्षांपर्यंत येतात, आठवं तर त्यानंतर. एवढ्यावरून मुलाने पेन्सिल धरूच नये असं निघत नाही. पण बोटांच्या टोकांनी पेन्सिल धरून मनगट टेकवून लिहिणं हे काम ज्या हातावर टाकतोय तो हात कुठवर आलाय ते कळतं. आकारांनाही क्रम असतो. तीन वर्षांच्या आसपास उभी-आडवी रेघ आणि गोल, चारच्या सुमारास अधिकचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन, आणि तिरक्या रेघांचा त्रिकोण त्याहूनही पुढे. ‘क’मध्ये उभी रेघ आहे, दोन्ही बाजूंना दोन वेगवेगळी वळणं आहेत आणि वर शिरोरेघ. ज्याला चौकोनाचे कोपरे जमत नाहीत त्याच्याकडून हे गिरवून घेतलं तर तो ते चित्रासारखं उतरवेल, बहुतेक वेळा खालून वर, आणि ती चुकीची वळणं नंतर दुसरीत बसून मोडावी लागतील. मुठीत पेन्सिल आवळून धरायची सवय याच काळात लागते. ती सोडवताना शिक्षिकेचा जीव मेटाकुटीला येतो.

म्हणून कणीक. तुम्ही हिणवून लिहिलंत, पण बालवर्गात तिच्याइतकं कामाचं साहित्य क्वचित सापडेल. २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ, २ चमचे तेल आणि पाणी पाऊण वाटीपासून लागेल तसं. रंगाला हळद किंवा बिटाचा रस. मीठ टिकण्यासाठी असतं, आणि तेवढं मीठ पोटात गेलं तर मुलाला अपाय होतो, म्हणून तोंडात घालणाऱ्या वयाला ही कणीक द्यायची नाही, साधी पोळीची द्यायची. आपल्याकडे ज्वारीचं पीठ घरात असतं म्हणून काही बालवाड्या तेच वापरतात. ते जमत नाही. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही. उकड काढून मळली तर थापता येते, पण लांब वळी करायला गेलं की तुटते, आणि सगळी मेहनत तर त्या वळीसाठीच असते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये गोळा तासाभरात भेगाळतो. ओल्या फडक्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा लागतो. पावसाळ्यात मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि गोळा चिकट होतो, तेव्हा वरून कोरडा मैदा. आंबूस वास आला की फेकून द्यायचा. प्रत्येकाला लिंबाएवढा वेगळा गोळा, कारण वर्गात दोघांचं तरी नाक वाहत असतंच.

हात तयार करायला आणखी काय हवं, तर आपल्या गावातली सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे टेरी टॉवेलचे छोटे नॅपकिन. सहा मुलांत एक बादली, त्यात ५-६ लिटर पाणी, नॅपकिन बुडवायचा, पिळून दुसऱ्या भांड्यात पाणी काढायचं. पिळताना दोन्ही मनगटं उलट दिशेला फिरतात. वहीवरचा कुठलाच व्यायाम हे करून घेत नाही. रोज नळाला पाणी न येणाऱ्या गावात पाण्याचे खेळ कसले, हा आक्षेप आम्हाला आधी ऐकवला गेलाय. तेच पाणी शेवटी मुलांकडून झाडांना घालून घ्यायचं. कात्रीसाठी जुन्या लग्नपत्रिका जमवा. नवशिक्या हाताला पातळ कागद वाकतो आणि दुमडतो, जाड पत्रिका सरळ कापली जाते. आधी २ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या, एका कातरीत तुकडा पडेल अशा. रेषेवरून कापणं खूप नंतर. आणि खडू द्यायचा तो मोडून, दोन-तीन सेंटिमीटरचा. तेवढा तुकडा मुठीत धरताच येत नाही, बोटांच्या टोकांतच धरावा लागतो. फळा उभा, मुलाच्या खांद्याच्या उंचीला. उभ्या फळ्यावर मनगट आपोआप मागे वळतं, लिहिताना ते तसंच लागतं.

एका बाबतीत मात्र तुमचा राग रास्त आहे. ‘खेळातून शिक्षण’ अशी पाटी लावून नुसती खेळणी पसरून ठेवणारे वर्ग भरपूर आहेत. घसरगुंडी, प्लास्टिकचा बॉल-पूल, भिंतीवर कार्टून आणि कोपऱ्यात मोबाइल बघणाऱ्या बाई. अशा ठिकाणी फी वायाच जाते. वर्गात सगळं साहित्य एकदम बाहेर काढलेलं असेल तर मुलं एकावरून दुसऱ्यावर भटकत राहतात, कशातच रमत नाहीत. चार-पाच प्रकार मांडावेत, बाकीचं कपाटात, आठवड्याने अदलाबदल. मोकळ्या खेळाला सलग पाऊण तास तरी हवा. पहिली दहा-पंधरा मिनिटं काय खेळायचं, कुणाशी, यातच जातात. वीस मिनिटांनी घंटा वाजवणाऱ्या शाळेत मुलांच्या वाट्याला फक्त मांडणं आणि आवरणं येतं. खेळात सतत ‘हा कोणता रंग? हे किती?’ विचारणारी शिक्षिका खेळ मोडते. ठोकळ्यांचा मनोरा तिसऱ्यांदा पडल्यावर ‘खाली कोणता ठोकळा ठेवला होतास?’ एवढं विचारून गप्प बसणारी शिक्षिका तिच्यापेक्षा जास्त शिकवते. आणि भिंतीवर तीस मुलांचे कापूस लावलेले तीस एकसारखे ससे दिसले तर समजावं, ते बाईंनी केलेत. पालकांना दाखवायला.

हे परदेशी फॅड आहे का? फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने जर्मनीत १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं, हे खरं. पण महाराष्ट्रात ते रुजलं त्यात पंडिता रमाबाईंचा वाटा आहे. १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्यावर त्यांनी ही पद्धत मुद्दाम शिकून घेतली. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बालवर्ग आणि त्यासाठी शिक्षिका घडवण्याचं काम केलं होतं, म्हणजे तुमच्या नातवाच्या शाळेची जातकुळी या गावात जुनी आहे. पुढे गुजराती बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांचं भावनगरचं बालमंदिर १९२० चं, ताराबाई मोडकांच्या सोबतीने उभा राहिलेला नूतन बालशिक्षण संघ १९२६ चा, आणि बोर्डी-कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी जे साहित्य वापरलं ते बिया, शिंपले, पानं, माती. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही ३ ते ६ वयासाठी खेळच मध्यभागी आहे.

प्रार्थनेचा मुद्दा टाळणार नाही. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. कलम २८(३) प्रमाणे सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. बालवर्ग मान्यता नसलेला, स्वतंत्र चालणारा असेल तर या कलमाचा थेट आधार मिळेलच असं गृहीत धरू नका. म्हणून प्रवेशाच्या वेळीच विचारा: प्रार्थना कोणती, किती वेळ, माझं मूल त्या वेळी नुसतं शांत बसलं तर चालेल का. चांगल्या शाळा याचं उत्तर सरळ देतात.

आणि गोष्टींबद्दल. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात हरवलेल्या मेंढराची गोष्ट आहे. शंभरातलं एक हरवतं आणि मेंढपाळ नव्याण्णव सोडून ते शोधायला जातो. चार वर्षांच्या मुलाला शंभर म्हणजे ‘खूप’. जाणती शिक्षिका कापसाची १० मेंढरं करते, मुलांना मोजायला लावते, एक ओढणीखाली लपवते आणि विचारते, ‘सगळी आहेत ना?’ नऊ आहेत हे मुलं स्वतः मोजून सांगतात, मग शोधाशोध, मग सापडल्यावर आरडाओरडा. आपण हरवलो तर कुणीतरी शोधायला येईल हा दिलासा या वयाला लागतो, तो कुठल्याही घरातल्या मुलाला चालतो. बायबलमधल्या महापुराच्या गोष्टीत नोहाच्या तारवात, म्हणजे मोठ्या नावेत, जोड्या लावायला प्राणी मिळतात. पण पुरात बाकीची माणसं बुडाली हा भाग या वयाला सांगायचा नसतो. रात्री झोपेत दचकणारी मुलं त्यातून निघतात. ‘असं केलंस तर येशूला आवडणार नाही’ हे वाक्य जर शिस्त लावायला वापरलं जात असेल तर जरूर तक्रार करा. ख्रिस्ती पालकांनीही करावी, आमच्या मते त्यांनी आधी करावी.

तुम्ही ओझरतं लिहिलंत की घरी आजी तेलुगू बोलते, बाकी मराठी, आणि शाळेत इंग्रजी गाणी. सोलापूरच्या पूर्व भागात हे घरोघरी आहे. कुठे तेलुगू, कुठे कन्नड, कुठे उर्दू. नव्या भाषेच्या वर्गात मूल काही महिने गप्प राहतं, ऐकून घेतं, ते साहजिक आहे. घरी मात्र ते भरपूर बोलत असलं पाहिजे. घरीही पूर्ण वाक्यं येत नसतील, हाक मारल्यावर वळत नसेल, तर शाळेला दोष देण्याआधी कानांची तपासणी करून घ्या. वर्गात तेलुगू जाणणारी एखादी मावशी असेल तर तिला गोष्टीच्या वेळी जवळ बसवायला सांगा.

राहिली पहिली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी घ्यायला मनाई करतं. पहिल्यांदा मोडलं तर २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढे दर वेळी ५०,००० पर्यंत दंड आहे. पण २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, म्हणून पुढची शाळाही मिशनचीच निवडणार असाल तर तिथे काय विचारतात ते आधी माहीत करून घ्या. बालवर्गाच्या बाईंना भेटाल तेव्हा ‘लिहायला कधी शिकवणार’ याऐवजी नातवाने या महिन्यात काय काय केलं त्याची नोंद दाखवा म्हणा: कात्री कशी धरतो, कितीपर्यंत वस्तू देतो, गोष्ट परत सांगतो का, कुणाबरोबर खेळतो. तारखांसकट अशी नोंद निघाली तर वाळूच्या मागे योजना आहे. ‘छान आहे, हुशार आहे’ एवढंच ऐकू आलं, तर फी कशाची हे विचारायला आम्ही तुमच्याबरोबर आहोत.